उपाशी देशाचा धावपटू

जानेवारीतल्या एका रविवारी मुंबईत पहाटेच्या अंधारात छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या परिसरात माणसांची झुंबड उडते. मॅरेथॉनचा दिवस असतो. धावणाऱ्यांपैकी अनेकांच्या छातीवर एखाद्या संस्थेचं नाव असतं. कुणी कॅन्सरच्या रुग्णांसाठी धावतो, कुणी मुलींच्या शिक्षणासाठी, कुणी अंधांच्या शाळेसाठी. ही मॅरेथॉन २००४ साली सुरू झाली आणि धावता धावता निधी जमवण्याची रीत मुंबईकरांच्या चांगलीच अंगवळणी पडली. चार-सहा महिने आधीपासून सराव सुरू होतो. त्याच सुमारास नातेवाईक, शाळासोबती, ऑफिसातले सहकारी यांच्या मोबाईलवर निरोप येऊ लागतात, ‘मी ४२ किलोमीटर धावणार आहे, तुम्ही या कामासाठी काहीतरी द्या.’

माझ्या एका मित्राला असाच निरोप आला तेव्हा तो वैतागून म्हणाला, “अरे, पैसेच द्यायचे तर सरळ द्या. त्यासाठी पळायचं कशाला?”

प्रश्न बिनतोड वाटतो. धावणार एक, पैसे देणार दुसरा आणि ते मिळणार तिसऱ्याला. या तिघांना जोडणारा धागा कोणता? चांगल्या कामासाठी चंदा मागणं आपल्या समाजाला नवं नाही. मशिदीच्या दारापासून मदरशाच्या पावतीपुस्तकापर्यंत आपण ते रोज पाहतो. पण मागणाऱ्याने आधी घाम गाळावा, पाय सोलवटून घ्यावेत आणि मग हात पुढे करावा, हे काय प्रकरण आहे? उत्तर शोधायला मी इतिहासात गेलो. तिथे १९४६ सालचा एक ग्रीक धावपटू भेटला. त्याची गोष्ट सांगायची तर आधी त्याच्या देशाच्या भुकेची गोष्ट सांगावी लागेल.

अथेन्सचा हिवाळा

ऑक्टोबर १९४० मध्ये इटलीने ग्रीसवर हल्ला केला. ग्रीकांनी तो परतवून लावला. एप्रिल १९४१ मध्ये मात्र हिटलरची फौज उतरली आणि काही आठवड्यांत देश पडला. जर्मनी, इटली आणि बल्गेरिया या तिघांनी ग्रीस वाटून घेतला.

ग्रीस डोंगराळ देश. गव्हासाठी तो बाहेरच्या आयातीवर अवलंबून होता. ताबा घेणाऱ्या फौजांनी धान्य, तेल, जनावरं आणि वाहनं उचलली. सुपीक भाग एकाच्या ताब्यात, शहरं दुसऱ्याच्या, त्यामुळे देशातल्या देशातही धान्य हलेना. समुद्रावर ब्रिटिश नौदलाची नाकेबंदी होती. शत्रूच्या मुलखात काही जाऊ द्यायचं नाही, हा तिचा हेतू. पण त्या मुलखात राहणारी माणसं शत्रू नव्हती. १९४१-४२ च्या हिवाळ्यात अथेन्सच्या फुटपाथवर माणसं कोसळून मरू लागली. प्रेतं गोळा करायला गाड्या फिरत. ताब्याच्या संपूर्ण काळात भुकेने आणि भुकेतून आलेल्या आजारांनी सुमारे तीन लाख लोक मेले, असा अंदाज मांडला जातो.

हे वाचताना आपल्याला १९४३ चा बंगाल आठवल्याशिवाय राहत नाही. तिथेही फक्त पिकाने दगा दिला नव्हता. युद्धाची धोरणं, साठेबाजी, जप्त केलेल्या नावा आणि वेळेवर न पाठवलेलं धान्य यांनी सुमारे तीस लाख माणसांचा बळी घेतला. भूक आकाशातून पडत नाही. ती बऱ्याचदा कुणाच्या तरी टेबलावर, नकाशासमोर बसून तयार होते. आज जगभर काम करणारी ऑक्सफॅम ही संस्था १९४२ साली ऑक्सफर्डमध्ये स्थापन झाली. ग्रीसमधल्या भुकेल्यांपर्यंत अन्न पोहोचवण्यासाठी नाकेबंदी सैल करा, ही तिची सुरुवातीची मागणी होती.

शत्रूच्या घरून आलेलं जहाज

या दुष्काळात बाहेरून सर्वात आधी आलेल्या मदतीत शेजारच्या तुर्कस्तानचं एक जहाज होतं. नाव ‘कुर्तुलुश’. तुर्की भाषेत त्याचा अर्थ मुक्ती. १८८३ साली बांधलेलं हे जुनाट मालवाहू जहाज ऑक्टोबर १९४१ पासून इस्तंबूलहून अथेन्सच्या बंदरात धान्य, कडधान्यं, कांदे, सुकी मासळी नेऊ लागलं. तुर्की रेड क्रिसेंट त्याची व्यवस्था पाहत होती. अमेरिकेतल्या ग्रीकांनी त्यासाठी पैसा उभा केला होता. चार फेऱ्या झाल्या. पाचव्या फेरीत, जानेवारी १९४२ मध्ये, मार्मारा समुद्रात वादळाने ते खडकावर आपटून बुडालं. खलाशी वाचले. मग त्याची जागा ‘दुमलुपिनार’ नावाच्या जहाजाने घेतली.

या नावांमागे मोठा इतिहास आहे. १९१९ ते १९२२ ही वर्षं ग्रीक आणि तुर्क एकमेकांशी लढले. दुमलुपिनार हे त्या लढाईतलं ठिकाण, जिथे १९२२ साली ग्रीक फौजेचा निर्णायक पराभव झाला. वीस वर्षांनी त्याच नावाचं जहाज ग्रीकांच्या मुलांसाठी अन्न घेऊन निघालं होतं. तुर्कस्तानात तेव्हा सुबत्ता नव्हती. तिथेही टंचाईच होती.

त्या ग्रीक-तुर्क लढाईशी आपल्या मुंबईचाही संबंध आहे. खिलाफत कमिटीचं मुख्यालय मुंबईत होतं. तुर्कांसाठी तिने ‘अंगोरा निधी’ आणि ‘स्मर्ना निधी’ गोळा केले. गरीब मुसलमान बायकांनी अंगावरचे दागिने काढून दिले. पुढे उघड झालं की कमिटीचे अध्यक्ष मियाँ मोहम्मद छोटानी यांच्याकडे असलेल्या निधीपैकी सुमारे १६ लाख रुपये त्यांच्या लाकडाच्या धंद्यात अडकले आहेत. भरपाई म्हणून त्यांनी आपल्या गिरण्या कमिटीच्या हवाली केल्या. पण लोकांचा विश्वास तडकला तो तडकलाच. दान देणारा माणूस मागणाऱ्यावर विश्वास टाकतो, म्हणजे त्याच्याकडे जामीन मागतो. छोटानी सेठ यांचा जामीन होता त्यांची पत आणि प्रतिष्ठा. तो पुरा पडला नाही. हा मुद्दा लक्षात ठेवू या. शेवटी त्याच्याकडे परत यायचं आहे.

मैदानावरून अन्नछत्राकडे

उपाशी अथेन्समध्ये खेळाडूही होते. त्यांतला एक ग्रिगोरिस लाम्ब्राकिस. लांब उडीतला नामवंत खेळाडू आणि पेशाने डॉक्टर. १९४३ मध्ये त्याने ग्रीक खेळाडूंची एक संघटना बांधली. परकी सैन्य रस्त्यावर फिरत असताना तो स्पर्धा भरवू लागला. तिकिटांतून आलेला पैसा लोकांच्या अन्नछत्रांवर खर्च होई. खेळातून दान उभं करण्याचं याहून अस्सल उदाहरण मला सापडलेलं नाही. तिथे खेळणारा, पाहणारा आणि जेवणारा असे तिघेही अर्धपोटी होते.

लाम्ब्राकिसचा मित्र होता स्टेलियोस किरियाकिडीस. जन्म १९१० चा, सायप्रस बेटावरच्या स्टाटोस या खेड्यातला. घर गरीब शेतकऱ्याचं. कामाच्या शोधात घर सोडलं. एका इंग्रज डॉक्टरकडे नोकरी करताना त्याच्या पायांतला वेग त्या डॉक्टरच्या ध्यानात आला. पुढे तो अथेन्सला आला, वीज कंपनीत बिलवसुलीचं काम करू लागला आणि बाल्कन देशांच्या स्पर्धांत मॅरेथॉन जिंकू लागला. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये तो अकरावा आला. तिथे त्याची ओळख अमेरिकेच्या जॉनी केलीशी झाली. त्या ओळखीतून १९३८ मध्ये तो बोस्टनची मॅरेथॉन धावायला गेला. पण नव्या बुटांनी पाय सोलले, फोड आले आणि शर्यत अर्ध्यावर सोडावी लागली. मी परत येईन, असं तो तेव्हा म्हणाला होता.

परत जायला आठ वर्षं लागली. मधे युद्ध होतं. त्याची एक हकिकत सांगितली जाते. जर्मन सैनिकांनी त्याला एकदा पकडलं. झडतीत त्याच्याकडे बर्लिन ऑलिंपिकची कागदपत्रं निघाली. अधिकाऱ्याने ती पाहिली आणि त्याला सोडून दिलं. त्या दिवसांत अथेन्समध्ये असे पकडलेले अनेक जण घरी परतले नाहीत.

रिकाम्या पोटाचा सराव

युद्ध संपलं, पण भूक संपली नाही. रस्ते, पूल, बंदरं उद्ध्वस्त झाली होती. त्यात डावे आणि उजवे एकमेकांवर बंदुका रोखून उभे होते. बोस्टनच्या शर्यतीच्या तीनच आठवडे आधी, मार्च १९४६ च्या अखेरीस, यादवीची ठिणगी पडली. अशा वेळी बायको-मुलं असलेल्या, छत्तिसाव्या वर्षात असलेल्या या माणसाने ठरवलं की बोस्टनला जायचं, जिंकायचं आणि जिंकल्यावर जग ऐकायला थांबेल तेव्हा ग्रीसची भूक सांगायची.

हा बेत किती अवघड होता, ते समजायला मॅरेथॉनचं गणित ठाऊक हवं. चांगलं खाणाऱ्या धावपटूच्या स्नायूंत आणि यकृतात साखरेचा जो साठा असतो, तो साधारण तीस-बत्तीस किलोमीटरपर्यंत पुरतो. पुढे शरीर अचानक हात वर करतं. पाय शिशाचे होतात, डोकं चालेनासं होतं. म्हणून आजचा धावपटू महिनोन् महिने अंतर वाढवत नेतो, आठवड्यातून एक लांब धाव घेतो, आदल्या दिवशी पोटभर भात-पोळी खातो आणि वाटेत केळी-खजूर घेतो. सराव म्हणजे फक्त पळणं नव्हे. खाणं आणि झोपणं हा त्याचा अर्धा भाग. किरियाकिडीसपाशी नेमका हाच अर्धा भाग नव्हता. युद्धाच्या वर्षांत त्याचं स्पर्धेतलं धावणं सुटलंच होतं. शरीर हाडाला लागलेलं. जे काही अन्न मिळे त्यात मुलांचा वाटा आधी. तो धावायला निघाला की बायकोला काळजी वाटे, की हा खाल्लेलं उगाच जाळतोय. तिची काळजी रास्त होती.

रोजा ठेवणाऱ्याला भूक ठाऊक असते. पण आपल्या भुकेच्या शेवटी मगरिबची अजान असते आणि समोर खजूर असतो. ज्या भुकेला इफ्तारच नाही, त्या भुकेत रोज धावायला निघणं म्हणजे काय, याची आपण फक्त कल्पना करू शकतो.

प्रवासाच्या पैशासाठी घरातलं सामान विकलं. तो अमेरिकेत उतरला तेव्हा बोस्टनचे ग्रीक त्याला पाहून हादरले. जॉर्ज डेमेटर या ग्रीक-अमेरिकन हॉटेलमालकाने त्याला आसरा दिला, खाऊपिऊ घातलं. पण चार दिवसांच्या जेवणाने वर्षांची उपासमार भरून निघत नाही. शर्यतीआधी तपासणाऱ्या डॉक्टरांना भीती वाटली, की हा वाटेत मरेल. त्यांनी नकार दिला. शेवटी, जे होईल त्याची जबाबदारी माझी, असं लिहून दिल्यावर परवानगी मिळाली.

२० एप्रिल १९४६

त्या दिवशी सगळ्यांची नजर जॉनी केलीवर होती. तो आदल्या वर्षीचा विजेता आणि बोस्टनचा लाडका. याच मार्गावरच्या एका चढाला ‘हार्टब्रेक हिल’ हे नाव १९३६ मध्ये केलीच्याच हुकलेल्या विजयामुळे पडलं होतं. किरियाकिडीस मागून आला. शेवटच्या काही मैलांत दोघे बरोबरीने धावत होते. तेव्हा गर्दीतून कुणी म्हातारा ग्रीक ओरडला, ग्रीससाठी धाव, तुझ्या पोरांसाठी धाव. असं पुढे किरियाकिडीसच सांगत असे. त्याने वेग वाढवला आणि केली मागे पडला. २ तास २९ मिनिटं २७ सेकंद. केली दोन मिनिटांनी आला. हरलेल्या केलीने मोकळ्या मनाने सांगितलं, की हा माणूस स्वतःसाठी धावतच नव्हता, त्याला कसं हरवणार?

नंतर पत्रकार आले. विजेत्याने आपल्या वेळेबद्दल बोलायचं असतं, याने देशाबद्दल सांगितलं. आमची मुलं उपाशी आहेत, अन्न पाठवा, कपडे पाठवा, औषधं पाठवा. त्याची हाडं दिसणारी छायाचित्रं अमेरिकेच्या वर्तमानपत्रांत छापून आली होती. ग्रीसच्या भुकेबद्दल लोकांनी वाचलं होतं. आता त्यांनी ती धावताना पाहिली. तो लगेच घरी परतला नाही. जवळपास महिनाभर अमेरिकेत राहून मदत मागत राहिला. त्यातून सुमारे २५ हजार टन सामान आणि अडीच लाख डॉलर उभे राहिले, असं सांगितलं जातं. ग्रीक जहाजमालकांनी सामान वाहून नेलं. मे महिन्यात तो अथेन्सला परतला, तेव्हा विमानतळापासून शहरापर्यंत माणसंच माणसं होती. त्याच्या स्वागतासाठी अक्रोपोलिसवर दिवे लावले गेले. युद्धानंतर पहिल्यांदाच ती टेकडी उजळली होती.

इथे थोडं थांबायला हवं. एका माणसाच्या धावण्याने ग्रीस वाचला, असं म्हणणं भाबडेपणाचं होईल. संयुक्त राष्ट्रांच्या मदत यंत्रणेचं काम तिथे आधीच चालू होतं. आणि पुढच्याच वर्षी, मार्च १९४७ मध्ये, अमेरिकेचे अध्यक्ष ट्रुमन यांनी ग्रीस आणि तुर्कस्तान या दोन देशांसाठी मिळून ४० कोटी डॉलर मागितले. त्यातला मोठा भाग शस्त्रांवर आणि फौजेवर गेला. कम्युनिस्टांना रोखायचं होतं. म्हणजे महासत्तेचं दान तिच्या हिशेबाने आलं. ग्रीक एकमेकांना १९४९ पर्यंत मारत राहिले. धावपटूच्या अडीच लाखांनी ते थांबणार नव्हतं. त्या अडीच लाखांची किंमत वेगळी होती. त्यांच्या मोबदल्यात कुणाला काही नको होतं.

धावणाऱ्याचा जामीन

आता मित्राचा प्रश्न. पैसेच द्यायचे तर पळायचं कशाला?

माझं उत्तर असं, की सराव हाच मागणाऱ्याचा जामीन असतो. ४२ किलोमीटर अंतर कुणालाही शेवटच्या आठवड्यात उरकता येत नाही. ओळख, पैसा, भाषण यांनी ते कमी होत नाही. जो माणूस चार महिने पहाटे उठतो, त्याच्या शब्दाला शेजारीपाजारी वजन देतात, कारण त्यांनी ते उठणं पाहिलेलं असतं. किरियाकिडीसने पतीवर किंवा पदावर दान मागितलं नाही. त्याने आपलं शरीर जामीन ठेवलं. शिवाय तो दाता नव्हता. भुकेल्यांपैकीच एक होता. त्याने स्वतःच्या लोकांसाठी मागितलं आणि ते ताठ मानेने मागितलं.

पुढच्या पिढ्यांनी हाच जामीन वेगवेगळ्या रीतीने ठेवला. १९८० मध्ये कॅन्सरने एक पाय गमावलेला कॅनडाचा तरुण टेरी फॉक्स कृत्रिम पायावर रोज जवळपास मॅरेथॉनएवढं अंतर धावला. १४३ दिवसांत ५,३७३ किलोमीटर झाले आणि कॅन्सर फुप्फुसात पोहोचल्यामुळे त्याला थांबावं लागलं. देशातल्या माणशी एक डॉलर, हे त्याचं मागणं होतं. १९८१ मध्ये, त्याच्या डोळ्यांदेखत, ते पूर्ण झालं. त्याच वर्षी जूनमध्ये तो गेला. १९८८ मध्ये न्यूयॉर्कमध्ये ३८ धावपटूंनी एकत्र सराव करून ल्युकेमियाच्या संशोधनासाठी ३ लाख २२ हजार डॉलर जमवले. तिथून अशा सामूहिक सरावाची पद्धत रुळली. पंजाबातून लंडनला गेलेले फौजा सिंग २००० साली, वयाच्या ८९ व्या वर्षी, लंडन मॅरेथॉन धावले ते मुदतीआधी जन्मलेल्या बाळांच्या संस्थेसाठी. सर्वात म्हातारा माणूस सर्वात कोवळ्या जिवांसाठी धावत होता.

पण जामिनाचा अर्धा भाग शर्यत संपल्यावर सुरू होतो. धावणारा प्रामाणिक असला म्हणून पैसा आपोआप योग्य जागी जात नाही. खिलाफत निधीला दागिने देणाऱ्या बायकाही प्रामाणिकच होत्या. पदक गळ्यात पडलं, फोटो टाकला, शाबासकी मिळाली, की पुष्कळांचं प्रकरण तिथेच मिटतं. किती जमले, किती खर्च झाले, कुणापर्यंत पोहोचले, हे देणाऱ्यांना कळवणं ही शर्यतीची शेवटची पायरी आहे. लोकांनी दिलेला पैसा अमानत असतो. अमानतीचा हिशेब धावणाऱ्यानेच मागून घ्यायचा आणि तो देणाऱ्यांसमोर ठेवायचा.

किरियाकिडीस १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये अठरावा आला आणि पुढे शांतपणे जगला. १९८७ मध्ये त्याचं निधन झालं. त्याचा मित्र लाम्ब्राकिस खासदार झाला. एप्रिल १९६३ मध्ये मॅरेथॉन गावापासून अथेन्सपर्यंत शांतता मोर्चा ठरला होता. पोलिसांनी त्यावर बंदी घातली. खासदार म्हणून त्याला अटक करता येत नव्हती, म्हणून तो त्या रस्त्यावर एकटाच फलक घेऊन चालला. पुढच्याच महिन्यात सालोनिका शहरात त्याच्यावर जीवघेणा हल्ला झाला आणि तो मेला. आज अथेन्सची मॅरेथॉन त्याच रस्त्यावरून त्याच्या स्मृतीत धावली जाते.

पुढच्या हिवाळ्यात एखाद्या ओळखीच्या मुलाचा किंवा मुलीचा निरोप आला, की मी धावतोय किंवा धावतेय, काहीतरी द्या, तर जमेल तेवढं जरूर द्या. आणि शर्यतीनंतर महिनाभराने विचारा, की बेटा, पैसे पोहोचले का?